काट्यावरचा विंडोज ७ आणि दोन हरवलेल्या डीएलएल : एका अडलेल्या इन्स्टॉलेशनचे प्रकरण

विदर्भातील एका जिनिंग कारखान्याच्या आवारातील वजनकाट्यावर नवीन सॉफ्टवेअर बसवायचे होते आणि कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. काट्यावर भरलेली गाडी चढते, तिचे भरतीचे वजन होते, कापूस खाली करून गाडी परत येते, रिकामे वजन होते आणि निव्वळ वजनाची काटापट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात दिली जाते. हे काम जुने सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बिनतक्रार करत होते. नव्या आवृत्तीत दोन सोयींची भर होती. काटापट्टी निघताच शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा संदेश जाणार होता आणि दिवसअखेरचा हिशेब मुनीमजींना कार्यालयात बसून पाहता येणार होता. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी लहान होती, तिने दिलेल्या माहितीपत्रकावर ‘विंडोज ७ व त्यापुढील सर्व’ असे छापलेले होते आणि काट्याच्या संगणकावर विंडोज ७ च होता, त्यामुळे अडचण येईल असे कोणालाच वाटले नव्हते.

संगणकाची हकिकत आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिथून आले. यंत्रात २ जीबी रॅम, विंडोज ७ प्रोफेशनलची ३२-बिट आवृत्ती, पाठीमागे एक सिरियल पोर्ट आणि त्यात काट्याच्या इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीची) वायर, पॅरलल पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि आत पीसीआय खाचेत एक कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणारे), ज्याला गाडीचा फोटो घेणारा ॲनालॉग कॅमेरा जोडलेला. संगणकाला इंटरनेट कधीच दिलेले नव्हते आणि ज्याने तो मुळात बसवला त्याने विंडोज अपडेट ही सेवाच बंद करून ठेवली होती. वजन चालू असताना यंत्र आपणहून रीस्टार्ट होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो काही गैर म्हणता येणार नाही.

अशा वेळी ‘नवा संगणक घ्या’ हा सल्ला सर्वांत आधी येतो. इथे तो लगेच लागू पडत नव्हता, कारण कॅप्चर कार्डासोबत आलेला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, फक्त ३२-बिट एक्सपी आणि ३२-बिट विंडोज ७ साठी होता. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते आणि ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर उचलतच नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालत असल्याने तिथे सामान्य प्रोग्रॅमसारखी जुन्या-नव्याची तडजोड होत नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती हा एक मधला मार्ग होता, परंतु ऐन हंगामात काट्यावर तो प्रयोग करण्यास मालक तयार नव्हते आणि माझेही मत त्यांच्यासारखेच होते. वैधमापन विभागाचे सील इंडिकेटरवर असते, संगणकावर नसते, त्यामुळे संगणक बदलल्याने काट्याच्या पडताळणीला बाधा येत नाही. हा मुद्दा मुनीमजींनी विचारला होता आणि तो रास्त होता, म्हणून इथे नोंदवतो.

‘यशस्वी’ झालेले इन्स्टॉलेशन

कंपनीच्या माणसाने पेनड्राइव्हवरून सेटअप चालवला. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, इन्स्टॉलेशन यशस्वी झाल्याची खिडकी आली, डेस्कटॉपवर चिन्हही उमटले. त्या चिन्हावर क्लिक केल्यावर मात्र प्रोग्रॅम न उघडता एक चौकट आली : ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम-एल१-१-०.डीएलएल’ ही डीएलएल (प्रोग्रॅमांना लागणाऱ्या तयार कोडची फाइल) संगणकावर नसल्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. तसे करून पाहिले आणि पुन्हा तीच चौकट आली. कंपनीचा माणूस परत गेला आणि काटा जुन्या सॉफ्टवेअरवर चालू राहिला.

मी दुरुस्तीसाठी पोचेपर्यंत मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडून गेली होती. काट्यावरच्या ऑपरेटरच्या ओळखीतल्या एका मुलाने त्या फाइलचे नाव मोबाइलवर शोधले, डीएलएल फुकट देणाऱ्या एका संकेतस्थळावरून ती उतरवली आणि विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्ये ठेवली. त्यानंतर चौकट बदलली. आता फाइल नसल्याची तक्रार गेली होती आणि ‘०एक्ससी०००००७बी’ हा क्रमांक दाखवून प्रोग्रॅम नीट सुरू होऊ शकला नाही एवढेच सांगितले जात होते. “भाऊ, थोडं तरी पुढं सरकलं न?” असे ऑपरेटरने विचारले. सरकले काहीच नव्हते. त्या क्रमांकाचा अर्थ सापडलेली फाइल चुकीच्या जातीची आहे असा असतो, आणि मुलाने उतरवलेली फाइल ६४-बिट होती. ती योग्य जातीची असती तरी तिच्यासारखीच दुसरी फाइल नसल्याची तक्रार आली असती, मग तिसरी, कारण त्या नावाने सुरू होणाऱ्या फाइली एका संचाचे भाग आहेत आणि सुटी फाइल एकटी काही काम करत नाही. शिवाय कोणी बनवली, कोणी बदलली याचा पत्ता नसलेली फाइल पैशाच्या हिशेबाच्या यंत्रात जाते, ही गोष्ट वेगळी.

संच कसला, हे थोडक्यात सांगतो. सी व सी++ भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला छपाई, स्मृती, तारीख-वेळ अशा मूलभूत कामांसाठी एक रनटाइम ग्रंथालय लागते. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर पूर्वी या ग्रंथालयाची वेगळी फाइल येई : २०१० ची एमएसव्हीसीआर१००, २०१२ ची एमएसव्हीसीआर११०, २०१३ ची एमएसव्हीसीआर१२०. जुलै २०१५ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ आणि विंडोज १० एकाच महिन्यात आले आणि ही व्यवस्था बदलली. ग्रंथालयाचा मोठा भाग ‘युनिव्हर्सल सीआरटी’ या नावाने विंडोजचाच घटक झाला आणि कंपायलरशी (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाशी) बांधलेला लहान भाग व्हीसीरनटाइम१४० या फाइलीत राहिला. विंडोज १० मध्ये युनिव्हर्सल सीआरटी जन्मजात असते. विंडोज ७ मध्ये ती नसते आणि ‘केबी२९९९२२६’ या अपडेटमधून आणावी लागते. नियमित अपडेट घेणाऱ्या संगणकांवर ती बहुधा आधीच आलेली असल्यामुळे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलावर ही उणीव सहसा दिसत नाही. काट्यावरच्या संगणकासारख्या, जगापासून तोडून ठेवलेल्या यंत्रावरच ती उघडी पडते.

लॉगमध्ये काय होते

सेटअपने व्हिज्युअल सी++ २०१५ चे रनटाइम पाकीट सोबत आणले होते आणि ते चालवलेही होते. मग फाइल नाही कशी? याचे उत्तर चौकटीत नव्हते, टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये होते. हे पाकीट प्रत्येक वेळी ‘डीडी_व्हीसीरेडिस्ट_एक्स८६’ या नावाने सुरू होणारा लॉग, म्हणजे झालेल्या कामाची नोंद, तिथे टाकते, मग ते गुपचूप चालवलेले असो वा खिडकी दाखवून. लॉग लांबलचक असतो. त्यातली कामाची जागा अशी होती : एक उपपाकीट, म्हणजे विंडोज ७ साठीचे केबी२९९९२२६, अपडेट बसवणाऱ्या ‘डब्ल्यूयूएसए’ या आज्ञेकडे सोपवले गेले, आणि लगेच पुढे ‘०एक्स८०२४००१७’ या क्रमांकासह एमएसयू (अपडेटचे) पाकीट चालवता आले नाही अशी ओळ. त्यानंतर पाकिटाने आधी केलेले सगळे काम उलटे फिरवून यंत्र पूर्ववत केले आणि अपयशाचा क्रमांक सेटअपला परत दिला.

सेटअपने त्या क्रमांकाकडे पाहिलेच नाही. रनटाइम पाकीट गुपचूप चालवायचे, ते संपले की पुढे जायचे आणि शेवटी ‘यशस्वी’ म्हणायचे, एवढेच त्यात लिहिलेले होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष हाच होता. फाइल नसणे ही त्या संगणकाची स्थिती होती, पण अपयश माहीत असूनही यश जाहीर करणे हे सेटअप लिहिणाऱ्याचे काम होते, आणि त्यामुळे सगळ्यांचे लक्ष मूळ जागेवरून उडून एका डीएलएलच्या नावावर खिळले.

०एक्स८०२४००१७ चा अर्थ ‘हे अपडेट या संगणकाला लागू नाही’ असा आहे. विंडोज ७ चे अपडेट विंडोज ७ ला लागू का नसावे, या प्रश्नावर पहिली तपासणी ‘विनव्हर’ ही आज्ञा देऊन होते. खिडकीत आवृत्ती ६.१ आणि बिल्ड (आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) ७६०० असे दिसले. तिथे ७६०१ आणि पुढे सर्व्हिस पॅक १ (सुधारणांचा एकत्रित संच) असे शब्द असायला हवे होते. म्हणजे या संगणकावरचा विंडोज ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आला तसाच्या तसा होता. सर्व्हिस पॅक १ फेब्रुवारी २०११ मध्ये आला, सर्व्हिस पॅक नसलेल्या विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१३ मध्येच थांबवला, आणि केबी२९९९२२६ त्यानंतरचे असल्याने त्याने सर्व्हिस पॅक १ ही पूर्वअट धरलेली आहे. ‘विंडोज ७ व त्यापुढील’ या माहितीपत्रकातल्या शब्दांत ही अट कुठेच नव्हती. ते पत्रक लिहिणाऱ्याने बिल्ड ७६०० चा संगणक कित्येक वर्षांत पाहिलेला नसणार, हे मला मान्य आहे, पण जिल्ह्याजिल्ह्यांतले काटे, प्रयोगशाळा आणि छापखाने अशा संगणकांवर अजून चालतात.

दुरुस्तीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी मूळ हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, मूळ डिस्क काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवली आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर केले. हंगामात काटा बंद पडला तर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. काही बिघडलेच तर डिस्क बदलून काटा लगेच पूर्ववत चालू करता येईल, एवढी हमी मालकांना देणे भाग होते. काम रात्री केले, कारण तेव्हा काटा बंद असतो.

प्रथम सिस्टम३२ मध्ये टाकलेली परकी डीएलएल काढली. मग सर्व्हिस पॅक १ चे ३२-बिट स्वतंत्र पाकीट, म्हणजे केबी९७६९३२, चालवले. ते स्वतः अर्ध्या जीबीच्या आसपास असले तरी बसताना त्याला सुमारे ४ जीबी मोकळी जागा लागते, आणि ती करण्यासाठी गाड्यांचे जुने फोटो आधी दुसरीकडे हलवावे लागले. यंत्र जुने असल्याने वेळ भरपूर गेला. रीस्टार्टनंतर विनव्हरमध्ये ७६०१ दिसले आणि कॅप्चर कार्ड पूर्वीसारखे चालते हे लगेच तपासून घेतले. ते चालले नसते तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर मार्च २०१९ मधली दोन अपडेट्स घेतली : केबी४४९०६२८, जे अपडेट बसवणारी यंत्रणाच नवी करते, आणि केबी४४७४४१९, जे विंडोज ७ ला एसएचए-२ या नव्या पद्धतीच्या डिजिटल स्वाक्षऱ्या (फाइल खरी असल्याची खूण) ओळखायला शिकवते. मूळ विंडोज ७ एसएचए-१ च्या काळातला आहे, तर २०१९ च्या मध्यापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची अपडेट्स एसएचए-२ स्वाक्षरीनेच देण्यास सुरुवात केली. पहिल्या अपडेटवर डबल क्लिक करताच ०एक्स८००७०४२२ आला, म्हणजे लागणारी सेवा बंद आहे. ही तीच विंडोज अपडेट सेवा, जी वर्षांपूर्वी बंद करून ठेवलेली होती. अपडेट इंटरनेटवरून येवो वा पेनड्राइव्हवरून, एमएसयू प्रकारची फाइल बसवायला ती सेवा जागी असावीच लागते. सेवा ‘मॅन्युअल’वर आणली आणि दोन्ही अपडेट्स बसली. मग व्हिज्युअल सी++ चे पाकीट पुन्हा चालवले आणि लॉगची शेवटची ओळ या वेळी शून्याने संपली.

आता काट्याचा मुख्य प्रोग्रॅम उघडला आणि सिरियल पोर्टवरून वजन येऊ लागले. अहवालांचा भाग मात्र डॉट नेट फ्रेमवर्क ४.८, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा आणखी एक रनटाइम संच, मागत होता. ते विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ वर अधिकृतपणे चालते, आणि त्याचे इंटरनेटशिवाय बसणारे पाकीट कंपनीने दिलेही होते. त्यालाही सर्व्हिस पॅक हवा असल्यामुळे ते पहिल्या वेळी तसेच मुकाट्याने परत फिरले होते. आता ते पुढे गेले आणि वेगळ्याच कारणाने अडले : प्रमाणपत्रांची साखळी विश्वासार्ह मूळ संस्थेपर्यंत जोडता येत नाही, क्रमांक ०एक्स८००बी०१०ए. टेम्प फोल्डरमध्ये एचटीएमएल स्वरूपात पडणाऱ्या त्याच्या लॉगमध्येही तेच होते.

इथे तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. पाकिटावरची स्वाक्षरी ज्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोचते, ते मायक्रोसॉफ्टचे २०११ चे मूळ प्रमाणपत्र २२ मार्च २०११ चे आहे. सर्व्हिस पॅक १ सर्वांसाठी खुला झाला तो २२ फेब्रुवारी २०११ रोजी, म्हणजे बरोबर एक महिना आधी. इंटरनेट असलेला विंडोज असे नवे मूळ प्रमाणपत्र गरज पडताच आपणहून उतरवून घेतो, त्यामुळे बहुतेकांना हे कळतही नाही. इंटरनेट नसलेल्या यंत्राला मात्र आपल्यासमोर आलेली स्वाक्षरी कोणाची हे समजण्याचा मार्गच नसतो आणि ते पाकीट नाकारते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ते प्रमाणपत्र दुसऱ्या संगणकावर उतरवून आणले आणि ‘सर्टयुटिल’ आज्ञेने संगणकाच्या विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांच्या साठ्यात घातले. ते केवळ लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या साठ्यात न घालता संपूर्ण संगणकाच्या साठ्यात घालणे महत्त्वाचे असते. त्यानंतर फ्रेमवर्क बसले, रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील) ‘रिलीज’ हा आकडा ५२८०४९ दिसला, अहवाल उघडले आणि डॉट मॅट्रिक्सवर चाचणीची काटापट्टीही निघाली.

तशीच दिसणारी, पण वेगळी उणीव

शेतकऱ्याला संदेश पाठवणारा भाग हा पायथन या भाषेत लिहून एका एक्सईत (थेट चालणाऱ्या फाइलीत) बांधलेला छोटा प्रोग्रॅम होता. तो सुरू करताच ‘पायथन३९.डीएलएल’ उघडता आली नाही, आवश्यक मॉड्यूल सापडले नाही, अशी तक्रार आली. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले की ती फाइल एक्सईच्या आतच असते, ती नसणे शक्यच नाही. त्याचे म्हणणे खरे होते. अशा तक्रारीत नाव ज्या फाइलचे येते ती जागेवर असते आणि तिला लागणारी दुसरीच फाइल नसते. ती कोणती हे पाहण्यासाठी ‘डिपेंडन्सी वॉकर’ हे जुने साधन वापरले. ते साधन आयईशिम्ससारख्या, प्रत्यक्षात न लागणाऱ्या फाइलींनाही लाल खूण करते, त्यामुळे त्याच्या सगळ्या लाल खुणा खऱ्या मानायच्या नसतात. या वेळची कामाची खूण होती : ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ-एल१-१-०.डीएलएल’.

पहिल्या नावाशी हे नाव ताडून पाहावे. सुरुवात तीच, शेवट तोच, मधला एक-दीड शब्द वेगळा. ऑपरेटरला ती तीच चूक परत आल्यासारखी वाटली आणि त्यात नवल नाही. प्रत्यक्षात दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘सीआरटी’वाल्या फाइली मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी अपडेटमधून दिलेल्या आहेत. ‘कोअर-पाथ’च्या मागे असलेली, फाइलींचे मार्ग जोडणारी व सरळ करणारी फंक्शने (तयार आज्ञा) विंडोज ८ मध्ये प्रथम आली, आणि विंडोज ७ साठी त्यांचे कोणतेही अधिकृत अपडेट नाही. पायथनच्या निर्मात्यांनी ऑक्टोबर २०२० मधल्या ३.९ आवृत्तीपासून विंडोज ७ चा आधार सोडला आणि ही फंक्शने गृहीत धरली. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ३.८ ची.

म्हणून कोणत्याही हरवलेल्या फाइलपुढे पहिला प्रश्न ती कुठे मिळेल हा नसून, या विंडोजसाठी ती कधी अधिकृतपणे दिली गेली होती का, हा असावा, असे माझे ठाम मत आहे. उत्तर होय असेल तर साखळी मागे मागे शोधत जायची, कारण कुठली तरी पूर्वअट अपुरी आहे. उत्तर नाही असेल तर त्या संगणकावर करण्यासारखे काही नाही आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्याकडेच जावे लागते. दुसऱ्या प्रकारची उणीव पुष्कळदा निराळ्या वेषात येते. ‘गेटसिस्टमटाइमप्रिसाइजॲजफाइलटाइम’ हे फंक्शन कर्नेल३२.डीएलएल मध्ये सापडले नाही, ही विंडोज ७ वर हमखास दिसणारी तक्रार त्याच जातीची आहे, कारण तेही विंडोज ८ पासूनचे. तिथे कर्नेल३२ ही फाइल जागेवर असते, तिच्यात ते फंक्शन नसते, आणि ती फाइल दुसऱ्या विंडोजमधून उचलून आणणे म्हणजे संगणक सुरूच होऊ न देण्याची सोय करणे. ‘कोअर-पाथ’साठी काही हौशी प्रोग्रॅमरांनी पर्यायी डीएलएल लिहिलेल्या आहेत आणि त्या चालतातही, परंतु ज्या यंत्रावर पैशाचे व्यवहार ठरतात तिथे मी त्या टाकणार नाही.

कंपनीपुढे दोन पर्याय ठेवले. एक, तो भाग पायथन ३.८ वर पुन्हा बांधून द्यावा. दोन, तो काट्याच्या संगणकावर चालवूच नये. कंपनीला पहिला पर्याय सोपा वाटत होता. पण संदेश पाठवायचे तर काट्याच्या संगणकाला इंटरनेट द्यावे लागणार होते. संदेश देणाऱ्या सेवा टीएलएस १.२ (जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत) मागतात. विंडोज ७ मध्ये ते उपलब्ध असले तरी मुळात बंद असते आणि विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी रजिस्ट्रीत चालू करावे लागते. पायथन त्याच कामाचे स्वतःचे ओपनएसएसएल ग्रंथालय सोबत आणतो, त्यामुळे त्याला तीही अडचण आली नसती. तांत्रिकदृष्ट्या मार्ग खुला होता. मात्र विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स सर्वसामान्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि पैसे भरून मिळणारी मुदतवाढही जानेवारी २०२३ मध्ये संपली. पायथन ३.८ ची सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. आधार संपलेला विंडोज, त्यावर आधार संपलेला पायथन आणि वर इंटरनेट, अशी उतरंड रचायला मी नकार दिला.

मालकांनी दुसरा पर्याय स्वीकारला. मुनीमजींच्या टेबलावर विंडोज ११ चा संगणक होताच. काट्याचा प्रोग्रॅम प्रत्येक काटापट्टीची नोंद त्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये लिहितो आणि संदेश पाठवणारा भाग तिथून नोंदी उचलून पाठवतो. काट्याच्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये फक्त त्या एका पत्त्याला परवानगी आहे, राउटरवरही त्याचा बाहेरचा मार्ग बंद केला आहे. नेटवर्क तुटले तर नोंदी काट्याच्याच डिस्कवर साठून राहतात आणि जोडणी आल्यावर जातात. संदेश उशिरा गेला तरी काटापट्टी अडत नाही, आणि काट्यावर तेच महत्त्वाचे.

सेटअपमधले बदल

कंपनीने नंतर सेटअप सुधारला, तो मी पाहिला. इनो सेटअप या, सेटअप बनवणाऱ्या साधनाच्या लिपीत ‘मिनव्हर्जन’ या एका ओळीत ६.१ सर्व्हिस पॅक १ ही अट घातल्यामुळे आता बिल्ड ७६०० वर सेटअप पहिल्याच क्षणी थांबतो आणि काहीही कॉपी करत नाही. प्रत्येक पूर्वपाकिटाचा परतीचा क्रमांक तपासला जातो : शून्य म्हणजे झाले, ३०१० म्हणजे झाले पण रीस्टार्ट हवा, बाकी काहीही आले तर सेटअप लॉगचा पत्ता दाखवून थांबतो. ३०१० ला अपयश समजणारे सेटअपही मी पाहिले आहेत, म्हणून त्याचा उल्लेख. सर्व्हिस पॅक, ती दोन अपडेट्स आणि मूळ प्रमाणपत्र असलेली, इंटरनेट नसलेल्या यंत्रांसाठीची वेगळी पेनड्राइव्ह आता सोबत दिली जाते आणि माहितीपत्रकातले ‘विंडोज ७’ हे शब्द ‘विंडोज ७ सर्व्हिस पॅक १’ असे झाले आहेत.

वजन वाचणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमसाठी याहून सोपा उपाय होता, तो त्यांनी अजून केलेला नाही. सी++ चा प्रोग्रॅम बांधताना रनटाइम ग्रंथालय स्वतंत्र डीएलएल न ठेवता प्रोग्रॅमच्या आतच जोडून घेता येते. तसे केले तर एक्सई थोडी फुगते आणि ग्रंथालयातल्या दुरुस्त्या मिळवण्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागते, पण युनिव्हर्सल सीआरटीचे अपडेट लागतच नाही. सिरियल पोर्टवरून आकडा वाचून दाखवणाऱ्या एवढ्याशा प्रोग्रॅमसाठी तोच मार्ग योग्य ठरला असता. त्यांचे म्हणणे असे की त्यांनी वापरलेले तिसऱ्याच कोणाचे एक ग्रंथालय डीएलएल स्वरूपातच मिळते आणि दोन्ही प्रकारची जोडणी एकत्र आली तर स्मृतीच्या वाटपाचे घोळ होतात. हा आक्षेप खरा आहे.

कॅप्चर कार्डाचा प्रश्न हंगामानंतर घ्यायचे ठरले आहे. ॲनालॉग कॅमेऱ्याच्या जागी नेटवर्कवर चालणारा कॅमेरा बसवला तर कार्डाची आणि त्याच्या ड्रायव्हरची गरज संपते, इंडिकेटरची सिरियल वायर यूएसबी कन्व्हर्टरने नव्या संगणकाला जोडता येते, आणि पॅरलल पोर्टवरचा डॉट मॅट्रिक्स तेवढा बदलावा लागेल किंवा त्यालाही कार्ड घालावे लागेल. नव्या कॅमेऱ्याचा फोटो काटापट्टीच्या नोंदीशी जोडायला कंपनीला प्रोग्रॅममध्ये बदल करावा लागणार असून त्याचे दरपत्रक अजून आलेले नाही.